कानाखालची गाठ : आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,



तीस वर्षांवरील नागरिकांची तोंडाच्या कर्करोगासाठी, आणि स्त्रियांची त्याखेरीज स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी, गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच तपासणी व्हावी अशी तजवीज शासनाने केलेली आहे, आणि आपल्या देशात सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत या तिघांची गणना होत असल्यामुळे ती सर्वथा योग्यही आहे. परंतु त्या यादीत ज्याचे नाव नाही, असा आणखी एक कर्करोग आहे. डोके, चेहरा, कान आणि मान यांच्या त्वचेवर तो उत्पन्न होतो, तेथून कानाखालच्या व गळ्यातील ग्रंथींत उतरतो, आणि जन्मतः ज्यांच्या केसांत, कातडीत व डोळ्यांत रंगद्रव्य नाही अशा वर्णहीन माणसांना या महाराष्ट्रात सर्वांआधी गाठतो. त्या माणसांची कैफियत आपल्यापुढे मांडावी, आणि तीही चारचौघांदेखत मांडावी, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. मी व्यवसायाने शल्यचिकित्सक होतो व आता निवृत्त झालो आहे. ज्यांना वाचवता आले असते आणि वाचवता आले नाही अशा रुग्णांचे स्मरण हाच या पत्रामागचा माझा अधिकार.

त्वचेचा कर्करोग ही एकच एक व्याधी नव्हे. डब्लिनचे नेत्रवैद्य आर्थर जेकब यांनी १८२७ साली पापण्या व चेहरा कुरतडत जाणाऱ्या ज्या व्रणाचे वर्णन केले, तो त्वचेच्या तळच्या पेशींचा कर्करोग होय. तो नाक खाईल, डोळ्याच्या खोबणीत शिरेल, परंतु ग्रंथींत उतरणे त्याच्या स्वभावात जवळजवळ नाहीच. मेलानोमा नावाचा काळा कर्करोग याच्या अगदी विरुद्ध स्वभावाचा; तो लहान असतानाच दूर पळतो, परंतु आपल्याकडे तो चेहऱ्यापेक्षा तळपायावर अधिक दिसतो. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला, त्वचेच्या वरच्या थरातील शल्कपेशींचा जो कर्करोग, तोच या पत्राचा विषय आहे. एरवी शंभरांतल्या दोन ते पाच रुग्णांतच तो ग्रंथींपर्यंत पोचतो. मात्र तो कानाच्या पाळीवर अथवा ओठावर असेल, दोन सेंटिमीटरांहून मोठा झालेला असेल, सहा मिलिमीटरांहून खोल गेलेला असेल, एखाद्या मज्जातंतूला बिलगलेला असेल, किंवा एकदा काढल्यावर त्याच जागी पुन्हा उगवलेला असेल, तर हे प्रमाण पाहता पाहता वाढत जाते.

तो पसरतो कसा, हे सविस्तर सांगितल्याखेरीज माझ्या मागणीचे मर्म ध्यानात येणार नाही, म्हणून थोडा वेळ मागतो. मनुष्यदेहात सुमारे ८०० लसिकाग्रंथी आहेत असे शारीरशास्त्र मानते, आणि त्यांतील सुमारे ३०० एकट्या मानेत दाटीने वसलेल्या आहेत. कपाळ, कानशील, टाळूचा पुढचा भाग, गाल आणि कानाची पुढची बाजू यांतून झिरपणारा रस प्रथम कानाच्या पुढे व खाली असलेल्या, गालगुंडात सुजते त्या लाळग्रंथीकडे जातो. कारण या ग्रंथीचे वैशिष्ट्य असे की, गर्भावस्थेत तिच्याभोवतीचे आवरण उशिरा तयार होत असल्यामुळे काही लसिकाग्रंथी तिच्या पोटातच अडकून राहतात, आणि म्हणून कपाळावरच्या व्रणातून निघालेली कर्कपेशी लाळग्रंथीत मुक्काम करते. डोक्याच्या मागच्या भागाचा रस कानामागच्या व मानेच्या मागील बाजूच्या ग्रंथींत जातो. खालच्या ओठाचा हनुवटीखाली व जबड्याखाली. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या खेड्यातल्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे. तोच न्याय डोक्याला आणि मानेला लागू आहे, एवढेच की येथे गाठ दुखत नाही, ताप येत नाही, आणि म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

या लाळग्रंथीच्या आरपार चेहऱ्याचा चेतातंतू जातो, ज्याच्यामुळे माणूस डोळा मिटतो, हसतो, पाण्याची चूळ भरतो. ग्रंथीतील कर्कगाठ या तंतूला वेढू लागली म्हणजे तोंड वाकडे होते, आणि वाऱ्याने तोंड वाकडे झाले असे समजून माणूस मालिश करीत बसतो. कधीकधी कर्करोग ग्रंथींचा मार्ग सोडून त्वचेच्या संवेदनातंतूंच्या कडेकडेने कवटीच्या तळापर्यंत सरकतो. तेव्हा रुग्ण कपाळावर किंवा गालावर मुंग्या चालल्यासारखे वाटते, तेथली जागा बधिर झाली आहे, असे सांगतो. या तक्रारीत दिसण्यासारखे काहीच नसल्यामुळे ती ऐकून सोडून दिली जाते. वास्तविक मूळ व्रण काढून वर्ष लोटल्यावर कोणी अशी मुंग्यांची तक्रार सांगितली, तर त्याच दिवशी त्याला मोठ्या रुग्णालयात रवाना करावे, इतकी ती गंभीर आहे.

आणखी एक गोष्ट. ही ग्रंथींतील गाठ मूळ व्रणाबरोबर क्वचितच येते. व्रण कापून काढला जातो, टाके पडतात, जखम भरते, माणूस बरा झाला म्हणून घरी जातो, आणि त्यानंतर, बहुधा पहिल्या दोन वर्षांच्या आत, कानाखाली अथवा मानेत वाटाण्याएवढी टणक गाठ उगवते. मूळ जागी नुसता पांढरा व्रणाचा डाग उरलेला असतो, किंवा तोही ओळखू येत नाही. त्यामुळे या गाठीचा त्या जुन्या व्रणाशी संबंध आहे, हे रुग्णाच्या लक्षात येत नाही आणि पुष्कळदा वैद्याच्याही येत नाही. सूर्याच्या प्रखरतेमुळे त्वचेच्या कर्करोगाचे जणू माहेर ठरलेल्या ऑस्ट्रेलियात या दोन वर्षांचे महत्त्व शल्यविशारदांनी फार पूर्वी ओळखले. सिडनीचे ख्रिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली असे दाखवून दिले की लाळग्रंथीतील प्रसार आणि मानेतील प्रसार या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या पाहिजेत, कारण दोन्हींकडे रोग पोचला असेल तर रुग्णाचे भवितव्य अधिक बिकट होते. मानेतील ग्रंथींचा समग्र उच्छेद करण्याची शस्त्रक्रिया क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली १३२ शस्त्रक्रियांच्या अनुभवासह प्रसिद्ध केली, तेव्हापासून ग्रंथी काढणे हाच या रोगाचा मुख्य इलाज राहिला आहे, आणि त्याला पुढे किरणोपचारांची जोड मिळाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने किरणोपचारांना रसायनोपचाराची जोड देऊनही अधिक लाभ होत नाही असे दाखवले; त्याच वर्षी पसरलेल्या रोगासाठी प्रतिकारशक्ती जागवणारे एक नवे औषध अमेरिकेत मान्य झाले, परंतु त्याची किंमत पाहता आपल्या खेड्यापाड्यांतील रुग्णाने त्याच्या आशेवर राहावे असे मला म्हणवत नाही. म्हणजे अखेर सगळा भरवसा गाठ लहान असताना ती कोणाच्या तरी बोटांना लागण्यावरच येऊन ठेपतो.

आता हा रोग महाराष्ट्रात कोणाचा, हा प्रश्न. आपल्या सावळ्या कातडीत मेलानिन नावाचे जे द्रव्य आहे, ते सूर्याच्या अतिनील किरणांना पेशींच्या गाभ्यापर्यंत पोचू देत नाही, आणि म्हणून आयुष्यभर नांगर धरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर हा कर्करोग सहसा दिसत नाही. उन्हाचा आणि या रोगाचा संबंध प्रथम जर्मनीच्या पॉल उना यांनी १८९४ साली दर्यावर्दी माणसांच्या कातडीवरून ओळखला, तो गोऱ्या खलाशांच्या बाबतीत. आपल्याकडील त्वचाकर्काचे कारण सूर्याखेरीज इतरत्र शोधावे लागले, आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन करून ते शोधून दाखवलेही. आपल्या लोकांच्या राहणीतून रोगाचे मूळ शोधण्याची ती खानोलकरी दृष्टी आज वर्णहीनांच्या बाबतीत हवी आहे. कारण मेलानिनचे हे संरक्षण ज्यांना जन्मतःच नाही, ते आपल्याच गावात, आपल्याच उन्हात, आपल्याच शेतावर राबत आहेत, आणि त्यांच्या बाबतीत आपण सर्वांनी सावळ्या कातडीच्या हिशेबानेच कारभार चालवला आहे.

वर्णहीनता हा आईवडिलांकडून येणारा दोष आहे. दोघांकडूनही दोषाचा अंश आला तरच तो अपत्यात प्रकट होतो. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ सालच्या आपल्या व्याख्यानांत जन्मजात चयापचयदोषांची जी पहिली यादी दिली, तीत याचा समावेश होता. ज्या समाजांत आते-मामे भावंडांची लग्ने प्रशस्त मानली जातात, तेथे असे दोन अंश एकत्र येण्याचा संभव वाढतो, आणि आपल्या राज्यातील अनेक समाजांत हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. हे मी कोणालाही दूषण देण्यासाठी म्हणत नाही. ज्या कुटुंबात एक वर्णहीन मूल जन्मले आहे तेथे दुसरे जन्मण्याचा संभव चारांत एक असतो, हे त्या मातापित्यांना शांतपणे, दैवाचा कोप वगैरे भाषा टाळून, कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे, एवढाच माझा हेतू आहे.

या मुलांचे दुर्दैव केवळ कातडीपुरते नाही. डोळ्याच्या पडद्याचा मध्यबिंदू नीट घडलेला नसल्यामुळे त्यांची नजर अधू असते, बुबुळे सतत थरथरतात, उन्हात डोळे उघडवत नाहीत. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मूल मागे पडते. मागे पडले म्हणून शाळा सुटते. शाळा सुटली म्हणून जे काम सावलीत बसून करता आले असते ते हातचे जाते. आणि ज्याच्या कातडीला ऊन सोसत नाही, तोच माणूस ऐन वैशाखात रस्त्याच्या खडीवर, कापसाच्या रानात, विटांच्या भट्टीवर उभा राहतो. रोग येथे उगवतो. मग त्याला कर्करोग झाला असे आपण म्हणतो तेव्हा नजरेच्या एका चष्म्यापासून आणि वर्गातल्या पहिल्या बाकापासून सुरू झालेली साखळी आपल्या डोळ्यांआड राहते.

एका बाईची हकीकत सांगतो. नाव, गाव सांगत नाही. ती वर्णहीन होती आणि लहानपणापासून कापूस वेचत असे. कानाच्या वरच्या कडेवर न भरणारी एक खपली होती. उन्हाने भाजले म्हणून तिने तिच्यावर हळद लावली, लोणी लावले, पदर ओढून घेतला. पुढे एका ठिकाणी तो तुकडा कापून काढण्यात आला, टाके घालण्यात आले, आणि कापलेला तुकडा तपासणीसाठी कोठेही न पाठवता टाकून देण्यात आला. त्या तुकड्याची काच बनवून कोणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असती, तर कडेपर्यंत रोग होता की नाही, मज्जातंतूला लागला होता की नाही, हे तेव्हाच कळले असते. वर्षाच्या आत कानाखाली गाठ आली. गालगुंड म्हणून लेप झाले, नंतर गोळ्या झाल्या, आणि तोंड वाकडे झाल्यावर तिला माझ्याकडे आणण्यात आले, तेव्हा गाठ लिंबाहून मोठी होती व वरची कातडी फुटायला आली होती. लाळग्रंथी काढावी लागली, तिच्यातून जाणारा चेहऱ्याचा तंतू वाचवता आला नाही, मानेच्या ग्रंथीही काढल्या. डोळा मिटेना म्हणून रात्री पट्टी बांधून निजावे लागे. किरणोपचारांसाठी दूरच्या शहरात आठवड्यामागून आठवडे राहणे तिला परवडण्यासारखे नव्हते. मजुरी बुडत होती आणि घरी मुले होती. ती अर्ध्यावर परत गेली, आणि फार दिवस जगली नाही. तिने हयगय केली असे तिच्या गावात म्हणत. मला मात्र तिच्या बाजूने एकही हयगय दिसत नाही. दाखवायला ती आली होती, आणि तुकडा टाकून देणारा हात आमच्याच व्यवसायातला होता.

मंत्रिमहोदय, आपले खाते म्हणेल की अशी माणसे किती? जगभरात साधारणपणे १७,००० ते २०,००० माणसांमागे एक, असे वर्णहीनांचे ढोबळ प्रमाण सांगतात. २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख लोकसंख्या त्याला लावली तर हिशेब साडेपाच ते साडेसहा हजारांच्या घरात जातो. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे, आणि मोजदाद व्हावी ही माझी पहिली मागणी आहे. संख्या लहान आहे हे खरे. परंतु त्या लहान संख्येमुळेच हे काम शासनाच्या आवाक्यातले होते. ज्यांना रोग होण्याचा संभव सर्वाधिक आहे, ती माणसे दुरून ओळखू येतात, त्यांना शोधण्यासाठी ना यंत्र लागते ना रक्ताची परीक्षा, आणि गावातल्या आशा ताईला त्यांचे घर आजही ठाऊक आहे. इतके अनुकूल कर्करोगप्रतिबंधाचे क्षेत्र दुसरे मला माहीत नाही. याच तपासणीत काही इतरांचीही सोय होऊ शकेल: डोक्यावर अथवा मानेवर जुन्या भाजण्याचे व्रण असलेले लोक, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले आणि म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण, आणि ज्यांच्या पेशींना उन्हाने झालेली इजा दुरुस्त करता येत नाही अशा, तोंडभर ठिपके असलेल्या दुर्मिळ आजाराची मुले.

यंत्रणा नव्याने उभारावी असे मी म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांची तपासणी करीत आहेत. त्यांच्या यादीत दृष्टिदोष आहे, त्वचेचे काही विकारही आहेत. म्हणजे वर्णहीन मूल या पथकासमोर उभे राहतेच. त्याच्या नजरेची नोंद होते तशी त्याच्या वर्णहीनतेची नोंद व्हावी, ते नाव जिल्ह्याच्या एका नोंदवहीत जावे, आणि मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून ती नोंद बंद न होता ते माणूस आयुष्यभर आरोग्य केंद्राच्या नजरेखाली राहावे. वर्षातून दोनदा त्याचा चेहरा, ओठ, कानांची मागची-पुढची बाजू, टाळू आणि मानेचा मागचा भाग उजेडात पाहिला जावा, आणि त्यानंतर, हे सर्वांत महत्त्वाचे, कानापुढून सुरुवात करून कानाखाली, जबड्याखाली, हनुवटीखाली व मानेच्या दोन्ही बाजूंनी खांद्यापर्यंत बोटांनी चाचपून पाहिले जावे. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. परिचारिकेला आणि आशा ताईला ती एका दिवसात शिकवता येते. जेथे एकदा कर्करोग निघाला आहे, तेथे पुढची दोन वर्षे दर तीन महिन्यांनी मान चाचपण्याचा हुकूमच असावा.

त्याचबरोबर एक साधे परिपत्रक राज्यातील प्रत्येक सरकारी व खासगी दवाखान्याकडे जावे, की चेहरा, कान, टाळू अथवा मान यांवरून काढलेला त्वचेचा कोणताही तुकडा, तो चामखीळ वाटो वा गळू वाटो, विकृतिशास्त्रीय तपासणीखेरीज टाकून देऊ नये, आणि त्या तपासणीचा दाखला रुग्णाच्या हाती द्यावा. वर्णहीन व्यक्तीच्या बाबतीत या तपासणीचा खर्च शासनाने उचलावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पुढे शस्त्रक्रियेचा आणि किरणोपचारांचा मोठा खर्च सोसतेच. त्यापुढे या तपासणीचा खर्च अगदीच किरकोळ आहे. आणि योजनेविषयीच बोलायचे तर, किरणोपचारांच्या आठवड्यांत शहरात राहण्याची सोय आणि बुडालेल्या मजुरीची काही भरपाई यांची तरतूद झाल्याखेरीज, वर सांगितलेल्या बाईसारखी माणसे उपचार अर्ध्यावर सोडून जातच राहतील.

सूर्यरक्षक मलम आपल्या बाजारात सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवर मिळते, आणि तेथे ते गोरेपणाच्या जाहिरातींच्या शेजारी, शेतमजुराच्या खिशापलीकडल्या किमतीला उभे असते. वर्णहीन माणसाला ते औषध आहे, मधुमेह्याला इन्सुलिन असावे तितकेच. टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी येथील प्रादेशिक त्वचारोग प्रशिक्षण केंद्राने असे मलम तेथेच तयार करून वर्णहीनांना देण्याची व्यवस्था उभी केली. ज्या देशात दार-ए-सलाम परिसरातील ३५० वर्णहीनांच्या, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने या रोगाचे भयंकर स्वरूप जगापुढे आणले होते, त्याच देशाने हा मार्गही दाखवला. आपल्या राज्यात औषधनिर्मितीचे एवढे मोठे कारखाने असताना जस्ताच्या ऑक्साइडचे साधे, बिनसुगंधी, टिकाऊ मलम बनवून आरोग्य केंद्रांत विनामूल्य ठेवणे आपल्याला कठीण का जावे? मलमाबरोबर टोपीही द्यावी, आणि ती रुंद काठाची असावी. आपल्या अंगवळणी पडलेली गांधी टोपी टाळू झाकते, परंतु कान, कानशिले आणि मान उघडीच ठेवते, आणि कर्करोग नेमका तेथेच येतो. जुन्या पिढीचे मुंडासे आणि मानेवर सोडलेले उपरणे या दृष्टीने अधिक शहाणपणाचे होते.

शाळांचे खाते आपल्याकडे नाही, परंतु आपल्या सहकाऱ्याकडे आहे. वर्णहीन विद्यार्थ्याला गणवेशाबरोबर काठाची टोपी व पूर्ण बाह्यांचा सदरा घालण्याची मुभा असावी, परिपाठाला आणि कवायतीला त्याला सावलीत उभे करावे, वर्गात पुढच्या बाकावर बसवावे, आणि यासाठी त्याच्या बापाला दरवर्षी मुख्याध्यापकांपुढे अर्ज घेऊन उभे राहावे लागू नये. जे राज्य १९७७ सालीच रोजगार हमीचा कायदा करून देशाच्या पुढे गेले, त्या राज्याने रोजगार हमीच्या कामावर आलेल्या वर्णहीन मजुराला पाणी देण्याचे, हजेरी मांडण्याचे, लहान मुले सांभाळण्याचे, म्हणजे सावलीतले काम आधी द्यावे, हीही अपेक्षा अवास्तव नाही.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. तीत अल्पदृष्टी आहे, कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचा समावेश आहे, आम्लहल्ल्यात होरपळलेल्यांचाही आहे. वर्णहीनतेचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे ज्याची नजर ठरलेल्या मापापेक्षा थोडी बरी निघाली, तो वर्णहीन माणूस दाखल्याला मुकतो, मग त्याची कातडी त्याला दिवसातले आठ तास घराबाहेर पडू देत नसली तरी. यादीत भर घालण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे, परंतु तशी शिफारस करण्यास राज्याला कोणतीही आडकाठी नाही. महाराष्ट्राने ती करावी.

एक शंका माझ्यापुढेही आहे, ती लपवत नाही. नोंदवही म्हटली की माणसांवर शिक्का बसण्याचे भय असते, आणि वर्णहीन मुलांना शाळेत, बाजारात, लग्नाच्या बोलणीत जे सोसावे लागते, ते पाहता त्यांची यादी करणे ही नाजूक गोष्ट आहे. म्हणून ती नोंद आरोग्य केंद्राच्या दप्तरात, रुग्णाच्या संमतीने आणि इतर रुग्णांच्या नोंदींइतक्याच गुप्ततेने ठेवली पाहिजे. आणि तिच्यामुळे त्याला मलम, टोपी, चष्मा व तपासणी मिळते असा अनुभव पहिल्याच वर्षी आला, तर लोक आपण होऊन नाव द्यायला येतील असा माझा विश्वास आहे.

संयुक्त राष्ट्रांनी १३ जून हा दिवस वर्णहीनतेविषयीच्या जाणीवजागृतीसाठी ठरवून दिला आहे, आणि तो नेमका आपल्या शाळा उघडण्याच्या सुमारास येतो. त्या दिवशी भाषणे व फलक यांवर खर्च करण्याऐवजी त्याआधी आपल्या सहीचे परिपत्रक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे रवाना व्हावे, त्यात नोंदीची, मलमाची आणि तुकडा तपासण्याची तरतूद असावी, आणि त्वचेच्या तपासणीबरोबर कानाखाली व मानेत बोटांनी चाचपून पाहण्याची सक्ती स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी, अशी माझी विनंती आहे. प्रशिक्षणाचा तपशील, तपासणीचा तक्ता आणि परिचारिकांसाठी मराठीतील एक लहान पुस्तिका तयार करून देण्यास मी व माझे काही निवृत्त सहकारी विनामूल्य तयार आहोत. आपल्या कार्यालयाने बोलावले की येऊ.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शल्यचिकित्सक